वर्गातील वर्तन शिकवावे कसे : पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसाठी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते, ओल्या चपलांचा ढीग वर्गाच्या दारात पडतो आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकासमोर पहिल्याच तासाला पन्नास-साठ मुले बसलेली असतात. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘‘वर्ग आवरायचा कसा?’’ मी सेवेत आले तेव्हा मीही तो विचारला होता आणि मला उत्तर मिळाले होते की पहिला महिना मुलांसमोर हसू नका, म्हणजे वर्ष सुखाने जाईल. मी ते तंतोतंत पाळले. महिनाभर माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असे, आणि मी दाराबाहेर पाऊल टाकले की शेजारच्या वर्गाला शिकवणे थांबवावे लागेल असा गोंधळ उसळे. बाई समोर असताना गप्प बसायचे, एवढेच मुले शिकली होती. एकमेकांचे ऐकायचे कसे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे कसे, दुसऱ्याचे उत्तर चुकले तर काय करायचे, यांतले काहीही मी त्यांना शिकवले नव्हते.

पुढे जे लिहीत आहे ते या एका अनुभवावर उभे आहे. वर्गातील चांगले वर्तन हा शिकवण्याचा विषय आहे, जसे त्रैराशिक किंवा निबंधलेखन हा शिकवण्याचा विषय आहे. त्रैराशिक न आलेल्या मुलावर पहिल्या दिवशी कोणी रागावत नाही. आपण फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवतो, दुसरे मुलांकडून सोडवून घेतो, सराव देतो, चूक कुठे झाली ते सांगतो आणि पुन्हा सराव देतो. पाळीने बोलणे, वह्या गोळा करणे, गटात काम करणे या गोष्टी मात्र मुलांना घरून येतातच असे आपण धरून चालतो आणि आल्या नाहीत की त्याला बेशिस्त म्हणतो.

हे महत्त्वाचे का, हे वेळेच्या हिशेबाने चटकन लक्षात येते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन अपेक्षित आहे. पहिली ते पाचवीसाठी हेच प्रमाण २०० दिवस आणि ८०० तास असे आहे. आता पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील पाच मिनिटे मुलांना शांत करण्यात, हरवलेली पेन्सिल शोधण्यात आणि कोणी कोणाला ढकलले याचा निवाडा करण्यात गेली, असे समजा. आठ तासिकांत ४० मिनिटे जातात, २२० दिवसांत ८,८०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ १४७ तास. हजार तासांतला सातवा हिस्सा असा हातातून निसटतो आणि तो सर्व मुलांच्या वाट्यातून सारखा वजा होत नाही. ज्याच्या घरी शिकवायला कोणी आहे किंवा ज्याला शिकवणी लावलेली आहे, तो मुलगा बुडालेला भाग संध्याकाळी भरून काढतो. ज्या मुलीच्या घरात ती स्वतःच पहिली शिकणारी आहे, तिच्यासाठी वर्गात गेलेली पाच मिनिटे कायमची गेलेली असतात. म्हणून वर्गातील वर्तनाकडे मी शिस्तीच्या आधी न्यायाचा प्रश्न म्हणून पाहते.

शाळा उघडण्यापूर्वीची तयारी

पहिली तयारी खोलीची. रिकाम्या वर्गात जाऊन प्रत्येक रांगेतून शेवटच्या बाकापर्यंत चालून पाहावे. जिथे शिक्षकाला दप्तरांवरून उड्या मारत जावे लागते, तिथे शिक्षक दुसऱ्या आठवड्यापासून जाणे बंद करतो आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात वर्षभर खोड्या चालतात. बाकांमध्ये एक माणूस चालेल एवढी वाट हवी, दप्तरे बाकाखाली किंवा भिंतीकडे हवीत, आणि मागच्या कोपऱ्यातून फळ्याची खालची ओळ दिसते का, हे स्वतः तिथे बसून तपासावे. खिडकीतून येणाऱ्या उजेडाने फळा चमकत असेल तर त्या बाजूची मुले हमखास आपसांत बोलू लागतात, कारण त्यांच्यासाठी फळ्यावर काही लिहिलेलेच नसते.

उंच मुले मागे आणि बुटकी पुढे ही आपली जुनी रीत आहे. ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे एखादे मूल पाचवीपासून दहावीपर्यंत कायम शेवटच्या बाकावर राहते. दर सोमवारी प्रत्येक रांग एक बाक पुढे सरकवावी आणि पहिला बाक शेवटी न्यावा. यासाठी दोन मिनिटे पुरतात, आणि कोणाच्याही कपाळी ‘मागच्या बाकावरचा’ असा शिक्का बसत नाही. दिसण्याची किंवा ऐकण्याची अडचण असलेली मुले तेवढी या फेऱ्यातून वगळून पुढेच ठेवावीत.

दुसरी तयारी कागदावरची. दिवसभरात मुले ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा करतात त्या लिहून काढाव्यात : परिपाठ संपल्यावर वर्गात येणे, हजेरी, पाणी पिण्यासाठी किंवा लघवीला जाण्यासाठी परवानगी, वह्या जमा करणे आणि वाटणे, तासिका बदलताना मधल्या दोन मिनिटांत करायचे काम, मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या रांगेत जाणे, शाळा सुटणे. यांतील प्रत्येक गोष्ट माझ्या वर्गात नेमकी कशी व्हावी, हे शिक्षकाने आधी स्वतःशी ठरवावे. वर्गात सर्वांत जास्त गोंधळ याच सांध्यांवर होतो. पाठ रंगात असताना सहसा होत नाही. परवानगीच्या बाबतीत एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. लघवीला जाण्यासाठी भर वर्गात मोठ्याने विचारायला लावू नये. विशेषतः सहावीपासूनच्या मुलींना ते फार अवघड जाते. दाराजवळ खिळ्याला एक पुठ्ठ्याचे कार्ड टांगून ठेवावे, ज्याला जायचे त्याने ते बाकावर ठेवून जावे आणि परत आल्यावर पुन्हा टांगावे. त्यामुळे एका वेळी एकच मूल बाहेर राहते आणि शिकवणेही थांबत नाही.

पहिले दोन आठवडे

या काळात अभ्यासक्रम थोडा मागे पडला तरी चालेल. पुढे तो भरून निघतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलांबरोबर बसून वर्गाचे नियम ठरवावेत. ते पाचांपेक्षा जास्त नसावेत, कारण त्याहून जास्त नियम शिक्षकाच्याही लक्षात राहत नाहीत. मुलांना नियम सुचवायला सांगितले की ती ‘बोलू नये’, ‘मारू नये’, ‘पळू नये’ अशी नकारांची यादी देतात. तेव्हा त्यांना विचारावे, ‘‘मग काय करायचं?’’ ‘बोलू नये’ याचे ‘एक जण बोलत असताना बाकीचे त्याच्याकडे बघून ऐकतील’ असे रूपांतर झाले की तो नियम पाळता येतो आणि पाळला गेला की दिसतोही.

माझ्या वर्गात मी नियमांपैकी एक दर वर्षी स्वतःच्या अधिकारात घालते आणि त्यावर चर्चा ठेवत नाही : चुकलेल्या उत्तराला कोणी हसायचे नाही. बाकीचे सगळे नियम वर्ग सुरळीत चालावा म्हणून असतात, हा एक मात्र शिकणे शक्य व्हावे म्हणून आहे. एकदा हशा झाला की ज्या मुलीने हात वर केला होता ती तर गप्प होतेच, शिवाय हात वर करू की नको अशा विचारात असलेली आणखी दहा मुलेही हात खाली घेतात. त्यानंतर वर्ग शांत दिसतो आणि शिक्षकाला वाटते की सर्वांना समजले.

नियम ठरले की ते फळ्याशेजारी लावावेत, पण लावल्याने काम संपत नाही. प्रत्येक नित्याच्या कृतीचा सराव घ्यावा लागतो. पोषण आहाराला जाण्याचे उदाहरण घेऊ. घंटा होताच साठ मुले एकाच दाराकडे धावतात, ताटल्या खणखणतात, कोणीतरी पडते. पहिल्या आठवड्यात एके दिवशी मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटे आधी शिकवणे थांबवावे आणि सांगावे, ‘‘आज आपण जेवायला कसं जायचं ते शिकणार आहोत.’’ आधी शिक्षकाने स्वतः करून दाखवावे : वही मिटली, दप्तरात ठेवली, ताटली हातात घेतली, बाकाशेजारी उभी राहिले. मग एका रांगेकडून करून घ्यावे आणि बाकीच्या मुलांना काय दिसले ते विचारावे. मग दोन मुलांना मुद्दाम चुकीचे करून दाखवायला सांगावे. हा भाग मुलांना फार आवडतो आणि चूक नेमकी कुठे आहे हे तीच बोलून दाखवतात. शेवटी सगळ्या वर्गाने रांगेरांगेने दारापर्यंत जावे आणि जिथे गडबड झाली तिथून परत येऊन पुन्हा जावे. पहिल्या दिवशी तीनदा करावे लागते, दुसऱ्या दिवशी एकदा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शिक्षकाला काही सांगावे लागत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे छात्रालय सांभाळताना साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत असत, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. करून दाखवण्याचे बळ त्यात आहे, आणि ते ताटली हातात घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या शिक्षकातही असते.

लक्ष वेधून घेण्यासाठी एकच खूण ठरवावी आणि ती वर्षभर बदलू नये. कोणी हात वर करून उभे राहतात, कोणी ठरावीक टाळ्या वाजवतात. खूण कोणतीही असो, तिच्यानंतर वर्ग पूर्ण शांत होईपर्यंत एक शब्दही बोलू नये. गोंगाटावर आवाज चढवून सूचना दिली की मुलांना कळते, बाई बोलत असताना बोलले तरी चालते. पहिले काही दिवस ही वाट पाहणे फार लांबल्यासारखे वाटते; घड्याळात पाहिले तर ते मिनिटभराचेही नसते.

पाचवीच्या वर्गाला शांततेचा खेळ शिकवावा, असे मला वाटते. माँटेसरी पद्धतीत तो पूर्वीपासून आहे, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत आपल्याकडच्या मुलांच्या मातीत रुजवली. मुलांनी डोळे मिटून अगदी निवांत बसायचे, शिक्षकाने वर्गाच्या दाराबाहेर जाऊन एकेकाचे नाव कुजबुजल्यासारखे घ्यायचे, आणि ज्याला आपले नाव ऐकू आले त्याने पाय न वाजवता उठून यायचे. लादलेली शांतता आणि स्वतः राखलेली शांतता यांतला फरक मुलांना या खेळात शरीराने कळतो. पहिल्यांदा बाहेरच्या पिंपळाची सळसळ ऐकू आली म्हणून एक मुलगा केवढा आनंदला होता; त्या खिडकीशी तो दोन वर्षे बसत होता.

शिकवतानाची दक्षता

एक कटू पण खरी गोष्ट अशी की वर्गातल्या बेशिस्तीचा मोठा भाग शिक्षकाच्या अपुऱ्या तयारीतून जन्मतो. शिक्षक वर्गात येऊन पुस्तक उघडतो, मागच्या तासाला कुठे थांबलो होतो ते मुलांना विचारतो, खडू शोधतो, फळा पुसतो आणि मग मुलांकडे पाठ करून लांबलचक उतारा लिहू लागतो. एवढ्या वेळात साठ मुलांनी स्वस्थ बसावे ही अपेक्षा मोठ्या माणसांच्या सभेतही पुरी होत नाही. तासाला जाण्यापूर्वी पहिला प्रश्न किंवा पहिले उदाहरण तयार ठेवावे आणि वर्गात शिरताच ते फळ्यावर लिहून मुलांना कामाला लावावे. मुले लिहीत असताना हजेरी घ्यावी. फळ्यावर लिहिताना खांदा फळ्याकडे आणि चेहरा वर्गाकडे राहील असे तिरपे उभे राहावे. ही सवय लागायला मला एक सत्र लागले, पण त्यानंतर माझ्या पाठीमागे काय चालले आहे असा प्रश्न पडला नाही.

सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘‘वही काढा.’’ सर्वांच्या वह्या निघाल्या की, ‘‘तारीख लिहा.’’ मग, ‘‘पान सत्तावीस.’’ तीन सूचना एका दमात दिल्या की तिसरी कोणालाच ऐकू गेलेली नसते आणि मग ‘‘बाई, कितवं पान?’’ हा प्रश्न वीस वेळा येतो. प्रश्न विचारताना आधी प्रश्न सांगावा, थोडे थांबावे आणि मग नाव घ्यावे. आधीच नाव घेतले तर बाकीचे एकोणसाठ जण सुटलो म्हणून मोकळे होतात. ज्यांचे काम लवकर होते त्यांच्यासाठी पुढचे काम फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असावे, कारण हुशार आणि रिकामे मूल वर्गाला जितके त्रासदायक होऊ शकते तितके दुसरे कोणी होऊ शकत नाही.

शाबासकीबद्दल थोडे सांगावेसे वाटते. नुसते ‘शाब्बास’ म्हटल्याने मुलाला बरे वाटते, पण नेमके काय चांगले झाले ते कळत नाही. ‘‘तू तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलास आणि मग तुझं सांगितलंस, ते मला आवडलं,’’ असे म्हटले की त्या मुलाला आणि ऐकणाऱ्यांनाही पुढच्या वेळी काय करायचे ते समजते. जी मुले वर्षानुवर्षे फक्त ओरडा खाण्यासाठीच नावाने ओळखली जातात, त्यांचे नाव दिवसातून एकदा तरी अशा कारणासाठी घेतले जावे. ते कारण खरे असावे, कारण मुले खोटी स्तुती लगेच ओळखतात.

चूक घडली तर

तयारी कितीही केली तरी मुले चुकणारच. चुकीला दिलेला प्रतिसाद चुकीच्या मापाचा असावा. कुजबुज सुरू झाली तर प्रथम नुसते त्या दिशेने पाहावे. नाही थांबली तर शिकवणे चालू ठेवून त्या बाकापाशी जाऊन उभे राहावे. तेवढ्यानेही भागले नाही तर उघडी पडलेली वही बोटाने दाखवावी. त्यानंतर हलक्या आवाजात, फक्त त्या मुलाला ऐकू जाईल असे नाव घ्यावे. दहांपैकी नऊ वेळा प्रकरण इथेच मिटते आणि पाठ कुठेही तुटत नाही. उलट, ‘‘ए, काय चाललंय तिकडे!’’ अशी आरोळी ठोकली की एका मुलाचे बोलणे थांबवण्यासाठी साठ मुलांचे लक्ष आपणच उडवून लावलेले असते, आणि त्या मुलाला सर्वांसमोर मागे हटणे कठीण करून ठेवलेले असते. बाराव्या-तेराव्या वर्षी मित्रांसमोरची इज्जत ही फार मोठी गोष्ट असते.

मूल हट्टाला पेटले तर वाद घालू नये. ‘‘आत्ता लिहून काढ, किंवा सुट्टीत माझ्यापाशी बसून काढ, काय ते तू ठरव,’’ असे सांगून तिथून पुढे निघून जावे. डोक्यावर उभे राहिले की त्याला नमते घ्यायला जागाच उरत नाही.

गंभीर प्रसंगी वर्ग सुटल्यावर एकट्याने बोलावे, आणि शक्यतो दोघांनीही बसून बोलावे. ‘‘का केलंस?’’ या प्रश्नाला मुलाकडे खरोखरच उत्तर नसते, म्हणून ते ‘माहीत नाही’ म्हणते आणि आपण आणखी चिडतो. ‘‘काय झालं होतं?’’ असे विचारावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे. मग, ‘‘त्याच्या जागी तू असतास तर तुला काय वाटलं असतं?’’ आणि शेवटी, ‘‘आता हे नीट करायला तू काय करशील?’’ वही फाडली असेल तर ती पाने लिहून द्यायची, बाकावर नावे कोरली असतील तर पॉलिश पेपरने घासून बाक साफ करायचा, अपमान केला असेल तर तो ज्यांच्यासमोर केला त्यांच्यासमोर माफी मागायची. नुकसान आणि भरपाई यांचा एकमेकांशी संबंध असावा. वर्गात बोलला म्हणून शंभर वेळा एकच वाक्य लिहायला लावल्याने एवढेच होते की लिहिणे ही शिक्षा आहे असे मूल शिकते. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाने तर हे कधीही करू नये. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाची खेळाची तासिका बंद करणे हेही तसेच घातक आहे, कारण ज्यांनी काही केले नाही त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

उठाबशा, अंगठे धरणे, कोंबडा करणे, कान पिरगाळणे, वर्गाबाहेर उभे करणे, टोपणनावाने किंवा जातीवरून, रंगावरून, बापाच्या धंद्यावरून बोलणे यांपैकी काहीही शिस्त या सदरात मोडत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते. मार खाल्लेले मूल तेवढ्यापुरते थांबते, पण पुढच्या वेळी आपण सापडणार कसे नाही याचाच विचार करू लागते. पालक अनेकदा स्वतःहून म्हणतात, ‘‘बाई, दोन फटके द्या, आमचं काही म्हणणं नाही.’’ त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना आपल्या मुलाची काळजी असते. त्यांना शांतपणे सांगावे, ‘‘फटक्याची गरज नाही, तुम्ही फक्त रोज रात्री त्याला वर्गात काय झालं ते विचारा.’’

वारंवार होणाऱ्या वर्तनामागचे कारण

एकाच मुलाकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडू लागली की रागावणे थांबवून नोंद करायला सुरुवात करावी. पाच दिवस, एका छोट्या वहीत, चारच गोष्टी टिपाव्यात : कोणती तासिका होती, त्याच्या आधी काय चालले होते, शेजारी कोण होते आणि नंतर काय झाले.

सातवीच्या वर्गात एक उंच मुलगा माझ्या गणिताच्या तासाला रोज कंपासपेटी खाली पाडत असे. पत्र्याच्या पेटीचा तो आवाज, घरंगळत गेलेला कर्कटक, ते गोळा करायला बाकाखाली वाकलेली चार डोकी. मी रागावले, पेटी काढून घेतली, जागा बदलली. मग नोंद ठेवली तेव्हा दिसले की पेटी पडते ती फळ्यावर उदाहरण लिहून झाल्यावर, तोंडी गणिताच्या वेळी कधीही नाही. सहाव्या दिवशी मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता, कारण त्याला फळा दिसतच नव्हता, आणि शेजारी वही झाकून घेऊ लागला की पेटी पडत असे, म्हणजे शेजारी खाली वाके आणि वही उघडी पडे. त्याला पहिल्या बाकावर आणले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते. त्या तपासणीत दृष्टिदोष आढळला आणि त्याला चष्मा लागला. मी त्याला जे जे बोलले होते ते आठवून मला आजही वाईट वाटते, आणि त्यासाठी मी त्याची माफी मागितली होती.

कारणे अशी साधी असतात. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासिकांना जी चिडचिड दिसते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा रिकामे पोट असते. नंदुरबारमध्ये घरी पावरी किंवा भिली, गडचिरोलीत गोंडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल वर्गात ‘लक्ष देत नाही’ असे वाटते, तेव्हा ते कदाचित प्रमाण मराठीतील एक लांब वाक्य मनात उलगडत असते आणि आपण तोवर पुढच्या वाक्यावर गेलेलो असतो. घरात भांडण, आजारपण, वडिलांचे व्यसन असेल तर मूल शाळेत येऊन कोणाच्या तरी अंगावर जाते. कारण कळले म्हणून चुकीला सूट द्यायची असे नाही. पेटी पाडणे चूकच होते, पण तिच्यावरचा इलाज पहिला बाक हा होता.

पालक आणि नोंदी

वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी जुलै संपण्यापूर्वी एकदा तरी चांगली बातमी पोहोचवावी. वहीत दोन ओळी किंवा एक फोन पुरेसा आहे. शाळेचा पहिलाच निरोप तक्रारीचा असेल तर पालक पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत किंवा उचलून मुलाला बडवतात. पालकसभेत कोणाच्याही मुलाबद्दल सर्वांसमोर तक्रार करू नये. सभा संपल्यावर बाजूला बसवून, आधी मुलाचे दोन गुण सांगून मग अडचण मांडावी आणि ‘घरी तो कशाने शांत होतो?’ असे विचारावे. आईला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदी लिहिताना सत्राच्या शेवटी घाईघाईने ‘खोडकर आहे’, ‘शिस्त पाळत नाही’ असे ठोकळेबाज शब्द उतरवू नयेत. ‘गटात इतरांचे म्हणणे ऐकून घेतो, स्वतःची पाळी येईपर्यंत थांबण्यासाठी आठवण करून द्यावी लागते’ अशी नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काम कुठून सुरू करायचे ते सांगते. ‘खोडकर’ हा शब्द त्या शिक्षकाला फक्त सावध करतो, आणि मूल वर्गात शिरण्याआधीच त्याच्याबद्दल मत तयार झालेले असते.

दिवाळीनंतर पुन्हा एकदा

जूनमध्ये शिकवलेले वर्तन दिवाळीच्या सुट्टीत विरून जाते, यात मुलांचा दोष नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी एक तासिका पुन्हा त्याच सरावाला द्यावी : खूण, वह्या, रांग, कार्ड. या वेळी शिक्षकाने करून दाखवण्याऐवजी मुलांनी एकमेकांना दाखवावे, त्यांना ते आता येते.

आमच्या बाजूला, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत, याच सुमारास काही बाक रिकामे होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर जी मुले जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा त्यांच्यासाठी वर्ग पुन्हा नवा असतो. अशा मुलाला पहिल्या दिवशी अभ्यासातले काहीही विचारू नये. त्याचे नाव हजेरीपटावर आहे, त्याची जागा राखलेली आहे आणि वर्गाच्या सवयी दाखवायला एक सोबती नेमलेला आहे, एवढे त्याला दिसावे. मागच्या वर्षी मार्चमध्ये सहावीतली एक मुलगी अशी परत आली. कारखान्यावरच्या पाच महिन्यांत तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. तिच्या शेजारणीने तिला काही न बोलता फक्त खिळ्यावरचे कार्ड दाखवले, वह्यांचा गठ्ठा कुठे ठेवायचा तो कोपरा दाखवला, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा आपली ताटली तिच्या हातात देऊन स्वतः तिच्या मागे रांगेत उभी राहिली.